चाळीस किलोचा हिशेब

(जिल्हा मेळाव्यात मंगळवेढा तालुक्यातील एका शेतकरी बहिणीने केलेले भाषण. बोलण्याचा ओघ शक्य तेवढा तसाच ठेवला आहे.)



सकाळपासून इथे ज्वारीचा भाव, कापसाचा भाव, विम्याचे पैसे यांची चर्चा चालू आहे. ती व्हायलाच पाहिजे. मला मात्र तुमच्याशी पोरांच्या प्रगतिपुस्तकाबद्दल बोलायचे आहे. कोणी म्हणेल, ही बाई बाजार सोडून शाळेत कुठे शिरली? थोडा वेळ ऐका आणि मग तुम्हीच ठरवा, विषय आपला आहे की परका.

प्रतवारी म्हणजे काय, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. १९७२ पासून सुमारे तीस वर्षे या राज्यात कापसाची एकाधिकार खरेदी होती. जुन्या माणसांना आठवत असेल. गाड्या रांगेत उभ्या राहायच्या. ग्रेडर यायचा, मूठभर कापूस काढायचा, बोटांनी ओढून बघायचा आणि प्रत सांगून पुढच्या गाडीकडे जायचा. वर्षभराचे कष्ट एका मुठीत मोजले जायचे. तेव्हा आपले म्हणणे काय होते? सगळ्यांचा माल पहिल्या प्रतीचा लावा, असे आपण म्हणत नव्हतो. माल कशात कमी पडला ते दाखवा, एवढेच म्हणत होतो. ओल आहे का, कवडी आहे का, धागा आखूड आहे का? दाखवा आणि मग प्रत लावा.

आपल्या लेकरांची प्रत दरवर्षी लागते. तिथे आपण हा प्रश्न विचारतो का? मी सात वर्षे विचारला नाही. त्याची किंमत माझ्या घराने मोजली. ती गोष्ट आधी सांगते.

२०१८ साली पावसाने दगा दिला होता. रब्बीची ज्वारी कशीबशी आली. २०१९ च्या मार्चमध्ये ती सोलापूरला अडतीवर घातली. वजन भरले सात क्विंटल चाळीस किलो, भाव मिळाला ३,२०० रुपये. पट्टी घेऊन घरी आले आणि थोरल्याला म्हणाले, "हमाली-तोलाई वजा करायच्या आधी रक्कम किती होते, ती काढ बरं." पोरगा सातवीत. गणिताला ब-१ श्रेणी. त्याने सात गुणिले बत्तीसशे केले. बावीस हजार चारशे, अगदी बरोबर. मग थांबला आणि म्हणाला, "आई, वरचे चाळीस किलो कसे करायचे?" मी म्हटले, "शंभर किलोला बत्तीसशे, तर एका किलोला किती?" त्याने भागाकार मांडला, खोडला, पुन्हा मांडला. शेवटी पाटी-पुस्तक उचलून ओसरीवर जाऊन बसला.

चाळीस किलोचे १,२८० रुपये होतात. आमच्यासारख्या घरात ती थोडीथोडकी रक्कम नाही. पण त्या रात्री मला पैशाने झोप लागली नाही असे नाही. तो हिशेब माझा मी तोंडी केला होता. झोप लागली नाही ती त्या ब-१ मुळे.

दुसऱ्या दिवशी ट्रंकेतून त्याची सगळी प्रगतिपुस्तके काढली. पहिलीपासूनची. प्रत्येकावर पालकाची सही होती. माझीच. गणितासमोर कुठे ब-१, कुठे ब-२. शेजारी नोंदी होत्या. "उदाहरणे सोडविण्याचा प्रयत्न करतो." "उपक्रमात सहभाग घेतो." "प्रगती समाधानकारक." सुधारणा आवश्यक, असा एक रकाना होता, त्यात सगळीकडे एकच वाक्य, "नियमित सराव करावा." कशाचा सराव? पोराला भागाकार येत नाही, एवढे चार शब्द त्या सात वर्षांच्या कागदांत कुठेही नव्हते. आणि मी सात वेळा खाली सही केली होती. वजन न बघता पट्टीवर सही करणारा शेतकरी आपल्याला भेटला तर आपण त्याला वेडा म्हणू. ती वेडी मीच होते.

मी तावातावाने शाळेत गेले. गुरुजी भला माणूस होता. एका खोलीत दोन वर्ग घेऊन बसला होता. टेबलावर नोंदवह्यांचा गठ्ठा. मी विचारले, "गुरुजी, याला भागाकार येत नाही हे तुम्हाला ठाऊक होतं का?" ते म्हणाले, "ताई, ठाऊक होतं. पण श्रेणी एकट्या भागाकाराची नसते. तोंडी काम, प्रकल्प, वही, उपक्रम, चाचणी, सगळं धरून बेरीज होते. बेरजेत तो ब-१ मध्ये बसतो. आणि खरं सांगू का, आजवर कुठल्या पालकानं मला हे विचारलंच नाही."

मला राग गिळावा लागला. कारण दुसरे वाक्य खरे होते.

पुढे मी शाळा व्यवस्थापन समितीवर गेले. तिथे कागद वाचायची सवय लागली. जे कळले ते तुम्हाला साध्या शब्दांत सांगते.

२००९ साली बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा कायदा झाला आणि १ एप्रिल २०१० पासून तो लागू झाला. आठवीपर्यंत कोणाला नापास करून मागे ठेवायचे नाही, असे त्यात होते. त्यामागोमाग २० ऑगस्ट २०१० ला आपल्या राज्याने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाचा शासन निर्णय काढला. त्याचे दोन भाग. वर्षभर वर्गात चालते ते आकारिक मूल्यमापन, आणि सत्राच्या शेवटी परीक्षा होते ते संकलित. पहिली-दुसरीला आकारिकला शंभरातले ७० गुण, तिसरी-चौथीला ६०, पाचवी-सहावीला ५०, सातवी-आठवीला ४०. उरलेले संकलितला. दोन्हींची बेरीज करून श्रेणी द्यायची. ९१ च्या वर अ-१, मग अ-२, ब-१, ब-२ असे दहा-दहा गुणांनी उतरत क-२ पर्यंत. ४१ ते ५० म्हणजे क-२, ३३ ते ४० म्हणजे ड, त्याखाली ई. ड किंवा त्याखाली गेलेल्या मुलाला जास्तीचे मार्गदर्शन करून निदान क-२ पर्यंत आणायचे, हेही त्यात सांगितले होते.

मंडळी, हे कागदावर वाईट नव्हते. मी त्याची थट्टा करणार नाही. कारण त्याआधीची पद्धत मी अंगावर भोगली आहे. १९९७ साली मी सातवीत गणितात नापास झाले. घरी तांबडी रेघ दिसली. वडील म्हणाले, "हिच्या डोक्यात शिरत नाही, उगाच वर्ष कशाला घालवायचं?" दुसऱ्या दिवसापासून मी खुरपायला. मला काय येत नव्हते, ते शाळेने सांगितले नाही आणि घराने विचारले नाही. मला व्यवहारी अपूर्णांक येत नव्हते. कोणी महिनाभर समजावले असते तर आले असते, कारण पुढे बाजारात पाव, अर्धा, पाऊण मी आपोआप शिकले. अशा किती पोरींची शाळा त्या एका तांबड्या रेघेने संपवली, ते इथल्या बायकांना विचारा.

म्हणून माझे म्हणणे नीट ध्यानात घ्या. मला नापास म्हणून घरी बसवले, आणि माझ्या पोराला पास म्हणत म्हणत पुढे ढकलले. दोन्ही पद्धती एकमेकींच्या उलट. पण दोन्हींत एक गोष्ट सारखीच राहिली. लेकराचे नेमके काय अडले आहे, हे घरापर्यंत पोचले नाही.

आता पद्धत पुन्हा फिरली आहे. २०१९ साली केंद्राने कायदा दुरुस्त केला. त्याप्रमाणे आपल्या राज्याने २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आणली. नापास झाला तर फेरपरीक्षा, त्यातही नापास झाला तर त्याच वर्गात. आमच्या गावात लोक म्हणाले, "बरं झालं, आता पोरांना धाक राहील." धाकाने भागाकार येत असता तर मला सातवीतच आला असता. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने आणखी नवे प्रगतिपत्रक सुचवले आहे. त्यात मुलाने स्वतःबद्दल आणि वर्गमित्रांनी त्याच्याबद्दल केलेले मूल्यमापनही असावे, असे म्हटले आहे. कागद असे बदलत राहतील. प्रश्न विचारणारा बदलला नाही तर कागद बदलून काय होणार?

कोणी म्हणेल, गुण तरी खरे सांगतात की! तर दहावीचे बघा. राज्य मंडळाचा दहावीचा निकाल २०१८ साली ८९.४१ टक्के होता. २०१९ साली तो ७७.१० वर आला. २०२० साली ९५.३० झाला. दोन वर्षांत पोरे आधी मठ्ठ आणि मग एकदम हुशार झाली का? २०१९ ला अभ्यासक्रम नवा होता, आणि भाषा व सामाजिक शास्त्रांसाठी शाळेच्या हातात असलेले २० गुण काढून घेतले होते. ओरड झाली आणि ते पुढच्या वर्षी परत दिले. २०२१ ला कोरोनामुळे परीक्षाच झाली नाही. नववीचे गुण आणि शाळेतले मूल्यमापन धरले, आणि निकाल लागला ९९.९५ टक्के. काट्यावरचे दगड बदलले की वजन बदलते, हे आपल्याइतके कोणाला कळते? म्हणून टक्का बघून पेढे वाटू नका आणि टक्का बघून पोराला मारूही नका. आधी माल बघा.

माल कसा बघायचा? प्रथम नावाची संस्था २००५ पासून 'असर' नावाची पाहणी करते. त्यांची माणसे खेड्यात घरोघरी जातात आणि मुलाला एक कागद देतात. त्यावर आधी अक्षरे, मग शब्द, मग छोटा उतारा, मग दुसरीच्या पातळीची गोष्ट. गणितात अंक ओळखणे, वजाबाकी, आणि तीन अंकी संख्येला एका अंकाने भागणे. बस, एवढेच. २०२२ च्या पाहणीत देशातल्या ग्रामीण भागातली पाचवीची शंभरातली सुमारे ४३ मुलेच दुसरीची गोष्ट वाचू शकली. त्या पोरांच्या हातातही कुठले ना कुठले प्रगतिपुस्तक होतेच.

हे आपण घरी करू शकतो. मायबहिणींनो, तुम्ही म्हणाल, आम्हाला वाचता येत नाही, आम्ही काय तपासणार? दुसरीचे पुस्तक पोराच्या हातात द्या आणि भाकरी थापता थापता ऐका. पोर सलग वाचते की अडखळते, ते कानाला कळते. त्याला अक्षर लागत नाही. वाचून झाल्यावर विचारा, "काय झालं गोष्टीत?" सांगता आले तर कळले आहे. नाही आले तर नुसती गाडी हाकली आहे. हिशेबासाठी घरातली पट्टी, किराण्याची चिठ्ठी, विजेचे बिल द्या. अडीच किलो शेंगदाण्याचे किती झाले ते काढायला लावा.

आता प्रगतिपुस्तक कसे असावे ते सांगते. त्याचा नमुना आपल्या घरात आहे. २०१५ पासून सरकार मृद आरोग्य पत्रिका देते. माती तपासायला दिली की ती मिळते. त्यावर तुमचे रान ब-१ आहे असे लिहिलेले असते का? नाही. नत्र कमी, स्फुरद मध्यम, पालाश भरपूर, जस्त कमी, असे बारा घटक वेगवेगळे लिहिलेले असतात आणि खाली कोणते खत किती घालायचे ते असते. सगळ्या घटकांची बेरीज करून एक श्रेणी दिली असती तर आपण त्या कागदाचे काय केले असते? पालाश भरपूर म्हणून नत्राची उणीव झाकली गेली असती. माझ्या पोराचे तेच झाले. चित्रे छान काढायचा, गाणे म्हणायचा, प्रकल्पाची वही देखणी करायचा. त्या बेरजेत भागाकार झाकला गेला.

आणि वेळेचे बघा. आपल्या शाळांचा निकाल १ मेला लागतो. झेंडावंदन होते, प्रगतिपुस्तक हातात पडते आणि शाळेला सुट्टी लागते. बोंडअळी पडल्याचे वेचणी संपल्यावर कळले तर काय उपयोग? फवारणीची वेळ गेलेली असते. उणीव कळायला हवी ती दिवाळीच्या आधी.

यासाठी नवा कायदा मागायची गरज नाही. आहे त्याच कायद्यात, कलम २४ मध्ये, शिक्षकाची कामे लिहिली आहेत. प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता पाहून लागेल तिथे जादा शिकवणे, हे एक. आणि पालकांच्या नियमित बैठका घेऊन मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता, शिकण्यातली प्रगती त्यांना सांगणे, हे दुसरे. ही मेहरबानी नाही. कलम २१ मध्ये शाळा व्यवस्थापन समिती आहे. तिच्यात तीन चतुर्थांश पालक हवेत आणि निम्म्या बायका हव्यात. पण आपल्याकडे बऱ्याच बायका सभेला नसतात, घरी आलेल्या वहीवर सही करतात. तीही न बघता केलेली सहीच.

मास्तरांना शत्रू समजू नका. याच जिल्ह्यातल्या माढा तालुक्यात परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी काम केले आणि २०२० साली त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळाले. अशा वस्तीवरच्या शाळेत काय होऊ शकते ते साऱ्या जगाने बघितले. दोन वर्ग एका माणसावर असतील, जनगणना आणि निवडणूक त्याच्याच डोक्यावर असेल, तर त्याच्यासाठीही भांडायचे काम आपलेच. आणि अक्कलकोट, दक्षिण सोलापूरकडच्या भावांनो, तुमच्यापैकी अनेकांच्या घरात कानडी बोलतात. मराठी शाळेतले प्रगतिपुस्तक आईला वाचून कळत नसेल तर गुरुजींनी तिला तिच्या बोलीत तोंडी सांगावे, असा आग्रह धरा.

त्या वर्षी माझी धाकटी दुसरीत होती. तेव्हापासून मी दर सत्रात शाळेत जाते आणि तीनच प्रश्न विचारते. हिला स्वतःच्या स्वतः काय करता येते? कुठे अडते? त्यासाठी तुम्ही काय करणार आणि घरी मी काय करू? पहिल्या वेळी गुरुजी गोंधळले. दुसऱ्या वेळी त्यांनी वही काढून ठेवली होती. तिसऱ्या वेळी त्यांनीच सांगितले, "ताई, हातच्याची वजाबाकी चुकते, घरी रोज पाच उदाहरणं घ्या." रोज पाच. दीड महिन्यात चूक गेली. ती आता नववीत आहे.

थोरल्याचे सांगायचे राहिले. आठवीत त्या गुरुजींनी त्याला बसवून शिकवायला घेतले होते. भागाकार जमायला लागला होता. तेवढ्यात मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. नववी मोबाईलवर. आमच्या वस्तीवर रेंज नाही. वर्ग पुढे सरकला, पोरगा मागेच राहिला, आणि शाळा उघडली तेव्हा तो परत गेला नाही. आज ट्रॅक्टर चालवतो. कष्टाला वाघ आहे, व्यसन नाही. पण डिझेलचा आणि एकरांचा हिशेब लिहायची वेळ आली की धाकट्या बहिणीला हाक मारतो. ती हिशेब करून देते, आणि तो मान खाली घालून ऐकतो. चूक त्याची नव्हती. त्याला तीन वर्षे आधी, चौथीत, कोणी धरले असते तर आज मान खाली घालावी लागली नसती. चौथीच्या त्या प्रगतिपुस्तकावरही सही माझीच आहे.

म्हणून माझे मागणे एवढेच. ज्यांची लेकरे शाळेत आहेत त्यांनी दिवाळीच्या आधी एकदा शाळेत जाऊन ते तीन प्रश्न विचारा. समितीच्या पुढच्या सभेत ठराव मांडा, की वाचन आणि हिशेब या दोन गोष्टींत प्रत्येक मुलाचे काय अडले आहे, ते सहामाहीला पालकाला समोर बसवून सांगावे. आणि पुढच्या बैठकीला येताना अडतीच्या पट्टीबरोबर पोराचे प्रगतिपुस्तकही पिशवीत घालून आणा. आपण दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचू.